हाताने रंगवलेली लोकर : मोजे की शाल?

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी. विणकामावर इथे जुने धागे आहेत, पण बहुतेक बाळाच्या स्वेटरचे आणि टोपड्यांचे. माझी अडचण वेगळी आहे.

हाताने रंगवलेल्या लोकरीच्या दोन लड्या घेतल्यात. ७५ टक्के मेरिनो (त्या जातीच्या मेंढीची मऊ लोकर), २५ टक्के नायलॉन, प्रत्येकी १०० ग्रॅम, ४०० मीटर. जांभळा, मोरपंखी, मध्येच मोहरीपिवळा आणि कुठे कुठे जवळजवळ काळा. एका लडीचे हजाराच्या वर गेले, त्यामुळे घरात किंमत निम्मी सांगितली आहे (इथे कोणी ओळखत असेल तर कृपया गप्प बसा). लड हातात घेतली की खाली ठेववत नाही. पण नमुन्याचा चौकोन विणला तर मोरपंखीचा ढीग डावीकडे, पिवळ्याचा उजवीकडे आणि मध्ये जांभळे ओघळ. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीच्या शर्टासारखं दिसतंय.

आत्या म्हणते, एवढी महागाची लोकर पायात घालतात का, शाल कर. मला मोजे करायचेत. तर अशा लोकरीचं काय करावं? नाशकात लोकरीचे मोजे खरंच वापरले जातात का, की चार दिवस घालून कपाटात? आणि असं रंगवणं घरी जमतं का? कोणी केलं असेल तर सविस्तर लिहा.

पंचवटीचा_पक्या

चार दिवस? ताई, डिसेंबरात पहाटे पाचला रामकुंडावर या, मग बोलू.

मुंबईकर_मिलिंद

लोकरीचे मोजे. वाचूनच घाम फुटला.

निफाडकर

मिलिंदराव, तुम्ही राहू द्या. आमच्याकडे पारा एक आकडी झाला की पेपरात फोटो येतो आणि लोक कौतुकाने वाचतात. आम्ही त्या वेळी बागेत शेकोट्या पेटवत असतो, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून. पहाटे गमबुटात सुती मोजे घातले तर घामाने आणि दवाने ओले होतात आणि बोटं बधिर. बहिणीने दोन वर्षांपूर्वी लोकरीचे विणून दिले. रंग असा भडक की बैल बुजावा, पण बुटात कोण बघतंय? ओले झाले तरी पाय गार पडत नाही. का, ते मला माहीत नाही, पण पडत नाही.

तेव्हा माझं मत मोज्यांना.

सुलट_उलट

मृण्मयी, तुझ्या चौकोनात जे झालंय ते हिशेबाचं आहे, लोकर चांगलीच आहे.

हाताने रंगवणारे बहुधा लड आडवी पसरतात आणि तिच्या एकेका भागावर एकेक रंग ओततात. लडीचा घेर साधारण दीड मीटर धर. म्हणजे दर दीड मीटरला तेच रंग त्याच क्रमाने परत येतात. आता तुझ्या एका ओळीला लोकर किती लागते ते बघ. मोज्याच्या बारीक विणीत एका टाक्याला अंदाजे एक सेंटिमीटर जाते. ६४ टाक्यांची एक फेरी म्हणजे साठ-पासष्ट सेंटिमीटर. दीड मीटरला याने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे दर फेरीला रंग थोडा सरकतो आणि मोज्यावर तिरके पट्टे गोल फिरत जातात. ते छानच दिसतं.

शालीत टाके बदलत राहतात. वरून खाली विणायची त्रिकोणी शाल मोजक्या टाक्यांनी सुरू होते आणि संपताना तीनशेच्या पुढे जाते. सुरुवातीला एका रंगात पाच-सहा ओळी बसतात, म्हणून जाड पट्टे. मध्ये कुठेतरी ओळीची लांबी आणि रंगांचं आवर्तन नेमकं जुळतं, तेच रंग एकमेकांवर चढतात आणि डाग पडतात. शेवटी लांबलचक ओळीत नुसते तुकडे. एकाच शालीत तीन शाली! शिवाय सपाट विणताना ओळ संपली की आपण उलटे फिरतो, त्यामुळे कडेला आत्ताच विणलेला रंग लगेच परत येतो. तुझे डावे-उजवे ढीग त्यातले आहेत.

म्हणून माझा नियम असा की ठळक, परस्परविरोधी रंगांची लड मोज्यांना, आणि एकाच रंगाच्या फिकट-गडद छटांची लड शालीला. आत्याला हे वाचून दाखव.

क्रोशावाली

अनुमोदन नाही. नियम कसला? दोन लड्या आहेत ना? दर दोन ओळींनी एक सोडून दुसरी घ्यायची. डाग फुटतात. आणि सुयाच कशाला, क्रोशाने करा. खांबांच्या (क्रोशाच्या उंच टाक्यांच्या) ओळीत रंग आपोआप विस्कटतात.

सुलट_उलट

@क्रोशावाली, आलटून-पालटून विणायचं पटलं, ते लिहायचं राहिलं होतं. क्रोशाची शाल सुंदर होते. मोजे मात्र नको. क्रोशाची वीण जाड पडते आणि सुयांच्या विणीइतकी ताणली जात नाही, बुटात घातली की टाके तळव्याला टोचतात. त्यात लोकरही जास्त लागते.

क्रोशावाली

मी क्रोशाचेच मोजे घालते. टोचत नाहीत. असो.

पंचवटीचा_पक्या

पॉपकॉर्न आणा रे कोणीतरी.

आजी_देवळालीच्या

मी सून झोपली की लिहिते, त्यामुळे उशीर.

माझं विणकाम देवळाली कॅम्पातलं. आमच्या शेजारी फौजी कुटुंबं असायची, पंजाबच्या, हिमाचलच्या बायका. दुपारी उन्हात खाटा टाकून बसायच्या आणि गप्पा मारता मारता मोजा संपवायच्या. हातातल्या सुईकडे बघायच्या सुद्धा नाहीत. कुल्लूकडची एक होती, ती मोज्यावर सहा-सात रंगांची नक्षी घालायची. त्यांच्याकडे पाहुण्यालाही मोजे देतात. तेव्हा पायात कशाला हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

मृण्मयी बाळा, तू टाचेला घाबरत असशील तर सांग. सगळ्या मुली तिथेच थांबतात. घोट्यापर्यंत नुसतं गोल विणत आलीस, ६४ टाके. आता निम्मे ३२ बाजूला थांबव, आणि उरलेल्या ३२ वर सपाट विणत टाचेचं पान कर. दर सुलट ओळीत एक टाका न विणता उचलायचा, पुढचा विणायचा. त्याने पान दुहेरी जाड होतं आणि टाच लवकर झिजत नाही. साधारण तेवढ्याच ओळी झाल्या की पान बेताचं चौकोनी दिसतं. मग मधल्या थोड्या टाक्यांवर पुढे-मागे जात, दर वेळी कडेचा एक टाका जोडून घेत यायचं. टाचेची वाटी आपोआप वळते. का वळते ते विचारू नकोस, विण आणि बघ. नंतर पानाच्या दोन्ही कडांनी टाके उचलायचे, गोल पुन्हा जोडायचा आणि एक फेरी सोडून एक फेरीत दोन्ही बाजूंचा एकेक टाका कमी करत परत ६४ वर यायचं. पुढे चवड्यापर्यंत सरळ रस्ता.

सुया सव्वादोन किंवा अडीच मिमी. जाड सुयांवर विणलेला मोजा मऊ लागतो आणि महिन्यात भोक पडतं.

आणि मोजा पायापेक्षा थोडा घट्टच हवा, दहाव्या हिश्श्याने कमी. सैल मोजा बुटात गोळा होतो.

वैतागवाडी

आजी, दंडवत. "का वळते ते विचारू नकोस" हे माझ्या गणिताच्या बाई पण म्हणायच्या.

टोरांटो_व्हाया_सिडको

धागा वर आला म्हणून लिहिते. इथे उणे वीसमध्ये राहते, तेव्हा मोज्यांवर बोलायचा अधिकार आहे असं समजते.

लेबलवर "सुपरवॉश" लिहिलंय का ते बघा. साध्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकून लोकर आवळते, तिचा नमदा होतो. सुपरवॉशमध्ये क्लोरीनची प्रक्रिया करून ते खवले झिजवतात, वर बारीक राळेचा थर देतात. मशीनला टाकता येते, आणि रंगही पटकन व गडद घेते. म्हणून हाताने रंगवणाऱ्यांना ती आवडते. तोटा म्हणजे धुतल्यावर पसरते. नमुना विणून, धुऊन, वाळवून मगच माप घ्या. न धुता माप घेतलेला मोजा पहिल्या धुण्यानंतर नवऱ्याचा होतो.

नायलॉन २५ टक्के आहे ते मोज्यांसाठीच असतं, टाच आणि चवडा टिकावा म्हणून. तेव्हा लोकर बनवणाऱ्यानेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. आत्या ऐकत नसेल तर लेबल दाखव.

घोंगडी_आणि_मी

सगळे मेरिनो-मेरिनो करताय, वाईट वाटतं. सिन्नरच्या बाजूला रस्त्यावर मेंढ्यांचे कळप लागतात, गाडी थांबवून हॉर्न मारता ना? ती दख्खनी मेंढी. तिची लोकर कातरून होते, आणि घोंगडीला गिऱ्हाईक नाही म्हणून धनगर ती कवडीमोलाने देतात. ऑस्ट्रेलियातून आलेल्या लोकरीला हजार, आणि घरच्या लोकरीला विचारणारं कुणी नाही.

सुलट_उलट

तळमळ समजते, पण ती लोकर पायाला लावून बघितली आहे का? दख्खनी लोकर जाड आणि राठ, त्यात केसाळ तंतू भरपूर. घोंगडीला उत्तम, पाऊस अंगावर घेते आणि वर्षानुवर्षं टिकते. उघड्या कातडीवर नाही सोसत. मेरिनोचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणून तो टोचत नाही. आणि बरीचशी दख्खनी लोकर काळी, तिच्यावर रंग चढवणार कसा?

घोंगडी_आणि_मी

रंग कशाला चढवायचा? काळी ती काळीच ठेवा. घरात घालायच्या मोज्याला बाहेरून तिचा तळ लावा. झिजणारही नाही, घसरणारही नाही. वर तुमची मोरपंखी मिरवा.

निफाडकर

हे भारी आहे. घोंगडीच्या तळाचे मोजे. पेटंट घ्या.

हाडं_जोडणारा

घसरण्यावरून आठवलं, कृपया गंभीरपणे घ्या. आपल्याकडे घरात अनवाणी फिरायची सवय आणि खाली गुळगुळीत टाइल्स. लोकरीचे मोजे घालून म्हातारी माणसं रात्री बाथरूमला उठतात आणि माझ्याकडे येतात. आजी-आजोबांसाठी विणत असाल तर तळव्याला रबरी ठिपके लावा, किंवा मोजे फक्त पांघरुणात घालायचे असं ठरवा.

या एका मुद्द्यावर मी आत्याच्या बाजूने. शाल घसरत नाही.

पंचवटीचा_पक्या

शालीचा धोका वेगळा आहे डॉक्टर. आमच्याकडे शाल दिसली की लोक नारळ शोधतात आणि भाषण सुरू करतात.

रसायनवाले_सर

रंगवण्याच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही, म्हणून मी घालतो. आधी निफाडकरांच्या प्रश्नाचं उत्तर. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा तंतूच्या आत शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून पाय गार पडत नाही.

आता रंग. सगळ्यात आधी तुमची लोकर खरंच लोकर आहे का ते बघा. मेन रोड, रविवार कारंजा भागात जे गुंडे मिळतात त्यातले बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. स्वेटरला ठीक, पण खाली सांगतो त्या पद्धतीने ॲक्रिलिक रंग धरत नाही. तुकडा चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला, ज्योत काढली की विझला आणि राख बोटाने चुरली, तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक. कागद जळल्याचा वास आला तर सूत.

लोकर हे प्रथिन आहे. तिला आम्लधर्मी रंग लागतात, आणि ते बसायला दोन गोष्टी, आम्ल आणि उष्णता. आम्ल म्हणजे व्हिनेगर किंवा किराणा दुकानातलं लिंबूफूल. सुताला हे चालत नाही, त्याला सोडा लागणारे वेगळे रंग.

पहिल्यांदा करणाऱ्याने खायच्या रंगांनी सुरुवात करावी. टार्ट्राझिन, सनसेट यलो, ब्रिलियंट ब्लू हे जिलबीत आणि आइसफ्रूटमध्ये जाणारे रंग रसायनदृष्ट्या आम्लधर्मीच आहेत, लोकरीवर घट्ट बसतात. लड चार ठिकाणी सैल बांधा, नाहीतर गुंता सोडवताना संसार मोडेल. व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. स्टीलच्या पसरट पातेल्यात ठेवून वरून एकेक रंग चमच्याने सोडा, रंगांच्या मध्ये थोडी जागा ठेवा, ते स्वतःच एकमेकांत सरकतात. ८५ ते ९० अंशाला, म्हणजे वाफ येते पण खळखळ उकळत नाही इतक्या आचेवर, अर्धा तास. ढवळायचं नाही. पाणी निवळ झालं की रंग लोकरीत गेला. गॅस बंद करून पातेल्यातच गार होऊ द्या. गरम लोकर गार पाण्याखाली धरलीत तर साध्या लोकरीचा नमदा ठरलेला.

खायच्या रंगाऐवजी कारखान्यातले रंग घेतलेत तर ते पातेलं परत स्वयंपाकघरात येता कामा नये, आणि पूड उडते म्हणून तोंडाला मास्क हवाच.

पंचवटीचा_पक्या

सर, एवढी भांडी कशाला? रंगपंचमीला रहाडीत लड बुडवू. फुकटात होईल आणि रंगही ठरलेला. तिवंध्याला एक बुडी, शनी चौकात दुसरी.

मुंबईकर_मिलिंद

रहाड म्हणजे?

पंचवटीचा_पक्या

काय भो! नाशिकवर बोलता आणि रहाड माहीत नाही? जुन्या नाशकात पेशव्यांच्या काळातले मोठे दगडी हौद आहेत. वर्षभर बुजवून वर रस्ता, रंगपंचमीला उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि लोक धपाधप उड्या मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा. आमच्याकडे धुळवडीला कोणी विचारत नाही, रंगपंचमीच खरी.

रसायनवाले_सर

पक्या, कल्पना वाटते तितकी वेडी नाही. पळसाच्या फुलांचं पाणी लोकरीला पिवळं रंगवतं, पण आधी लोकर तुरटीत शिजवलेली हवी. तुरटीशिवाय आणि गार पाण्यात रंग नुसता वर बसतो, दोन धुण्यांत जातो. तू तुरटीत भिजून उडी मार, तुझ्यावर टिकेल.

गोदाकाठची

मी घरी नैसर्गिक रंगांनीच रंगवते, त्यामुळे सरांच्या पुढे थोडं. नाशिककरांना यासाठी बाजारात जायची गरज नाही. कांद्याची सुकी सालं कोणत्याही भाजीवाल्याकडे फुकट मिळतात. लासलगाव शेजारी असताना ती विकत घेणं म्हणजे पाप. डाळिंबाची सालं सटाणा-मालेगावकडून येणाऱ्या डाळिंबांची, ज्यूसवाल्याला सांगून ठेवलं की पिशवीभर देतो.

लोकरीच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के तुरटी. १०० ग्रॅम लडीला दहा-पंधरा ग्रॅम. ती पाण्यात विरघळवून त्यात लड मंद आचेवर तासभर. मग सालांच्या गाळलेल्या काढ्यात तासभर. कांद्याने नारिंगी-सोनेरी येतो, डाळिंबाने मोहरीसारखा पिवळा. त्याच डाळिंबाच्या रंगात गंजलेल्या खिळ्यांचं पाणी चमचाभर घातलं की शेवाळी-करडा. लोखंड जास्त झालं तर लोकर ठिसूळ होते, म्हणून चमचाच. लाल हवा तर मंजिष्ठा, आयुर्वेदिक दुकानात मिळते. तिला कडक आच सोसत नाही, लालाचा विटकरी-तपकिरी होतो. सत्तर अंशाच्या आत ठेवा. तिला जड पाणी मानवतं, बोअरच्या पाण्याने माझा लाल नळाच्या पाण्यापेक्षा चांगला येतो.

हळद आणि बीट या दोन गोष्टींच्या नादी लागू नका. बीटचा रंग धुण्यात निघून जातो. हळद सुंदर चढते, पण उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते. कुंकू हळदीला चुना लावूनच करायचे, तोच प्रकार.

येवलेकर

आमच्याकडे पैठणीच्या रेशमाच्या लड्या रंगवतात ते लहानपणापासून बघतोय. आधी रेशमाचा डिंक काढायचा, मग लड्या दांडीवर टांगून गरम रंगात सतत फिरवत राहायच्या. एक क्षण थांबलात की धब्बा. सगळं कसब रंग एकसारखा येण्यात. साडीच्या अंगात एक धागा फिकट गेला तर विणकर लड परत पाठवतो.

आणि इथे मंडळी धब्बे पडावेत म्हणून हजार रुपये मोजतायत. आमच्या रंगाऱ्यांना हा धागा दाखवला तर वाया गेलेल्या लड्या जपून ठेवतील.

आजी_देवळालीच्या

@येवलेकर, पाठवा इकडे. रेशमाच्या वाया गेलेल्या लड्या आणि बारीक लोकर एकत्र विणली तर शाल काय पडते सांगू! गळ्यात नुसती ओघळते.

साडेसाती

विणायला घेते पण एक मोजा झाला की दुसरा होतच नाही. कपाटात एकेकटे मोजे जमलेत. उपाय?

सुलट_उलट

लांब गोल सुईवर, ८० किंवा १०० सेंटिमीटरच्या, दोन्ही मोजे एकदमच घाला. मधली केबल (सुईची दोन टोकं जोडणारी लवचीक तार) फास करून बाहेर ओढून ठेवायची. दोन्ही एकाच दिवशी संपतात. मात्र लड आधी वजन करून दोन सारख्या गुंड्यांत वाटून घ्या. आणि पट्टे जुळायला हवे असतील तर दोन्ही गुंडे एकाच रंगापासून सुरू करा. तरी अगदी जुळे होणार नाहीत, हाताने रंगवलेल्या लोकरीत तेवढं चालवून घ्यायचं.

वैतागवाडी

@साडेसाती, एकेकटे मोजे तसेच वेगवेगळे घाला. फॅशन आहे म्हणा.

बचत_गट

असे मोजे विकले जातील का? आमच्या गटात चौघी-पाच जणी उत्तम विणतात. थंडीत शरणपूर रोडला तिबेटी मार्केट लागतं, तिथे गर्दी बघितली आहे.

क्रोशावाली

तिथे मशीनचा माल असतो, भाव करून घेतात लोक. हजाराची लोकर आणि वर दोन आठवड्यांची संध्याकाळ, किती लावणार? माझ्या अनुभवात हाताच्या मोज्याची मजुरी कुणी देत नाही. शालीची थोडी तरी देतात, कारण ती भेट म्हणून घेतात. विकायचंच असेल तर लोकर रंगवून लड्या विका. तास दीड तासाचं काम आणि विणायचं ओझं दुसऱ्यावर.

गोदाकाठची

हे मात्र शंभर टक्के खरं. माझ्या विणलेल्या वस्तूंपेक्षा लड्या आधी संपतात. एक सांगते, प्रत्येक घाण्याची नोंद ठेवा, किती लोकर, किती रंग, कुठलं पाणी. तरी दुसरा घाणा तंतोतंत येत नाही. म्हणून शालीला लागतील तेवढ्या लड्या एकाच घाण्यातल्या घ्या, आणि तरीही आलटून-पालटून विणा.

पावसाळा_२४_तास

लोकर ठेवता कशी? त्र्यंबकला माझ्याकडे पावसात सगळ्याला बुरशी येते. मागच्या वर्षी कसरीने शालीची जाळी केली, विणकामाची नव्हे.

आजी_देवळालीच्या

कसर घामाच्या आणि तेलाच्या डागाला लागते. थंडी संपली की रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायचं, पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. टांगलं की लांबतं. कोरडं झालं की कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट डब्यात. पावसाळा संपल्यावर एकदा ऊन दाखवायचं, पण रंगीत असेल तर थोडाच वेळ.

मृण्मयी_के

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे आत्याला वाचून दाखवले. ती म्हणाली, "त्या डॉक्टरांचं बरोबर आहे," बाकी काही ऐकलंच नाही.

सुलट_उलट म्हणाली तसं लड उलगडून रंगांचं आवर्तन मोजलं. दीड मीटर नाही, त्याहून बरंच लांब निघालं, आणि दुसऱ्या लडीत काळा जास्त, पिवळा जवळजवळ नाहीच. म्हणजे दोन्ही मिळून मोठी शाल केली तरी मधोमध फरक दिसणार. मग असं ठरवलंय. पिवळी जास्त असलेली लड मोज्यांना, ६४ टाके, आजींची टाच. काळसर लडीची आत्यासाठी शाल, पण एकटीची नाही. सोबत साधी करडी लोकर घेणार आणि दर दोन ओळींनी बदलणार. जाळीची नक्षी घालायचा मोह होतोय. घालू का?

सुलट_उलट

जाळी नको. एवढ्या रंगांत ती दिसत नाही, कष्ट फुकट. सगळ्या ओळी सुलट ठेव, नाहीतर अधूनमधून टाका न विणता उचलायची वीण घाल, त्याने एका रंगाचा टाका पुढच्या रंगात चढतो आणि डाग मोडतात. सुई साडेतीन-चार मिमी. विणून झाल्यावर भिजवून, टाचण्यांनी ताणून वाळव, तेव्हाच शाल शाल दिसते. जाळी हवीच असेल तर खालच्या कडेला, फक्त करड्या लोकरीत.

घोंगडी_आणि_मी

करडी लोकर हवी आहे? पत्ता देऊ का?

मृण्मयी_के

@घोंगडी_आणि_मी, आत्याची मान आहे हो ती! पण मोज्यांच्या तळासाठी नक्की द्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निफाडकर

लड गुंडाळायला कोणाला बसवलंय?

मृण्मयी_के

नवऱ्याला. दोन्ही हात पुढे करून बसला होता, तेवढ्यात लडीचं लेबल खाली पडलं आणि त्याने किंमत वाचली. आता त्यालाही मोजे हवे आहेत. पाय ९ नंबर. त्याच्यासाठी वेगळी लड घेतली तर १०० ग्रॅममध्ये बसेल का?

आजी_देवळालीच्या

७२ टाके घे आणि नळी (घोट्यावरचा भाग) आखूड ठेव, बसेल. टाच आणि चवडा उरलेल्या करड्या लोकरीचा केलास तर खात्रीने बसेल, पण तिच्यात नायलॉन आहे ना ते बघून घे. आणि आधी तुझे पूर्ण कर.